७०-२०० एफ/२.८ घ्यायची की नाही? आधी अंतर मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फुलफ्रेम (मोठ्या, ३६ बाय २४ मिमी सेन्सरची) मिररलेस बॉडी आहे, २४-७० एफ/२.८ आणि ८५ एफ/१.८ या दोन लेन्स आहेत. (पहिले आकडे मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त.) काम मुख्यतः लग्न, साखरपुडा, मुंज, बारसं, शाळांची स्नेहसंमेलनं आणि अधूनमधून आउटडोअर पोर्ट्रेट. आता ७०-२०० एफ/२.८ घ्यावी का? की एफ/४ पुरेल? नवी घ्यावी की सेकंडहँड?

आधी उत्तर, मग कारणं. तुमच्या कामातला बराच भाग स्टेजसमोरून, मांडवाच्या कडेवरून किंवा मोकळ्या जागेत होत असेल तर घ्या, आणि त्यात रात्रीची किंवा नाट्यगृहातली कामं असतील तर एफ/२.८च घ्या. बहुतेक काम घरातल्या हॉलमध्ये, छोट्या स्टुडिओत किंवा माणसांच्या अगदी जवळ उभं राहून होत असेल तर पैसे थांबवा. ही लेन्स प्रामुख्याने अंतरासाठी आहे. ‘बॅकग्राउंड छान उडतं’ एवढ्याच कारणासाठी घेतली तर अर्ध्या जागी निराशा पदरी पडते.

अंतराचा हिशोब साधा आहे. कॅमेरा उभा धरून डोकं आणि खांदे, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर उंचीची फ्रेम हवी असेल, तर ८५ मिमीला दीड मीटरवर उभं राहावं लागतं, १३५ला सुमारे अडीच मीटरवर आणि २००ला साडेतीन मीटरवर. इथवर सगळं ठीक. आता पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत पूर्ण माणूस घ्या, वर-खाली थोडी जागा सोडून. २०० मिमीला जवळजवळ १२ मीटर लागतात, म्हणजे ४० फूट. १३५ला ८ मीटर, ८५ला ५ आणि ७०ला ४ मीटर. त्यात माणूस पडद्यापासून दोन मीटर पुढे हवा आणि तुमच्या पाठीमागे हात-दोन हात जागा हवी. बारा बाय पंधरा फुटांच्या खोलीत या लेन्सचं १३५च्या पुढचं टोक फक्त चेहऱ्यासाठी उरतं. फ्लॅटमधल्या बारशात तर ती बॅगेतून बाहेरसुद्धा निघणार नाही.

कार्यालयात चित्र उलटं होतं. स्टेजपासून १० मीटरवर, म्हणजे साधारण खुर्च्यांच्या चौथ्या-पाचव्या रांगेपाशी उभे असाल, तर २०० मिमीला आडव्या फ्रेममध्ये १.८ मीटर रुंदी आणि १.२ मीटर उंची मावते. वधू-वर कमरेपासून वर, अगदी नेमके. त्याच जागेवरून ७० मिमीला पाच मीटर रुंदी येते, म्हणजे अख्खं स्टेज, भटजी, करवल्या, मामा, सगळे. जागा न सोडता या दोन फ्रेममध्ये मनगट वळवण्याइतक्या वेळात जाता येणं, हेच या झूमचं खरं मोल आहे. मंगलाष्टकं चालू असताना लोकांच्या गर्दीतून पुढे-मागे सरकता येत नाही, आणि सरकूही नये.

तुमच्याकडे २४-७० आहेच, मग ७०वर काढून क्रॉप का करू नये, असं वाटेल. ७०ची फ्रेम २००एवढी कापायची तर क्षेत्रफळ आठपटीहून जास्त घटतं. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून तीनही धड उरत नाहीत. १२ बाय ३६ इंचाच्या अल्बमचं एक पान, म्हणजे १२ बाय १८ इंच, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला १९ मेगापिक्सेल लागतात. कोपऱ्यातल्या छोट्या फोटोला तीन मेगापिक्सेल चालून जातील, पानभर फोटोला नाही.

तेव्हा पहिलं काम घरी बसून करायचं. गेल्या आठ-दहा कार्यक्रमांचे दिलेले फोटो लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि मेटाडेटा फिल्टरमध्ये फोकल लेंग्थ लावा. २४-७०वर काढलेल्यांपैकी किती फोटो नेमके ७०वर आहेत, आणि त्यांपैकी किती निम्म्याहून जास्त क्रॉप केलेत, ते मोजा. ७०च्या टोकाशी अशी गर्दी दिसली तर लेन्सची गरज खरी आहे. बहुतेक फोटो ३५ ते ५०मध्ये असतील तर तुमची शैली जवळून काम करण्याची आहे, आणि नवी लेन्स ती आपोआप बदलणार नाही.

आता ब्लरकडे येऊ, कारण पोर्ट्रेटवाल्यांचा सगळा जीव तिथे अडकलेला असतो. माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवला तर खूप लांबच्या बॅकग्राउंडचा ब्लर लेन्सच्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतो. फोकल लेंग्थला एफ-क्रमांकाने भागा. २०० भागिले २.८ म्हणजे ७१ मिमी. १३५ एफ/१.८चे ७५, ८५ एफ/१.४चे ६१, २०० एफ/४चे ५०, तुमच्या ८५ एफ/१.८चे ४७. आणि ७० एफ/२.८चे फक्त २५. यातून दोन गोष्टी उघड होतात. या झूमची जादू १३५ ते २०० या पट्ट्यातच आहे. ७०वर ती तुमच्या २४-७०सारखीच दिसते. आणि दुसरं, लांब बॅकग्राउंडपुरतं बोलायचं तर एफ/४ची ७०-२०० शेवटच्या टोकाला तुमच्या ८५ एफ/१.८च्या बरोबरीने उभी राहते. एफ/४ला हिणवणाऱ्यांनी हे एकदा मोजून पाहावं.

पण बॅकग्राउंड जवळ असेल तर हिशोब फिरतो. डोकं-खांद्यांच्या त्याच फ्रेममध्ये भिंत माणसाच्या एक मीटर मागे असेल, तर ८५ एफ/१.८चा ब्लर २०० एफ/२.८पेक्षा थोडा जास्तच भरतो. दोघी बरोबरीला येतात साधारण अडीच मीटरला. त्याच्या पुढे २०० सरस ठरत जाते. म्हणून बागेत, किल्ल्यावर, समुद्रकिनारी जी लेन्स डोळे दिपवते, तीच घरातल्या पडद्यासमोर ‘एवढीच का?’ असं वाटायला लावते. दोष लेन्सचा नाही, पडदा जवळ आहे.

ब्लरपेक्षा मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट, मागे किती पसारा दिसतो ती. बॅकग्राउंड दहा मीटर मागे असेल तर वरच्याच फ्रेममध्ये ८५ला मागचा जवळजवळ पाच मीटर उंचीचा भाग दिसतो, २००ला साधारण अडीच मीटर. कार्यालयात याचा अर्थ असा की प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी, केटररचं टेबल, ‘एक्झिट’ची हिरवी पाटी आणि व्हिडिओवाल्याचा स्टँड यांतलं निम्मं सामान फ्रेमबाहेर जातं. दोन पावलं डावीकडे सरकलात तर उरलेलंही जातं. लांब लेन्सला बॅकग्राउंड निवडता येतं. हा गुण कुठल्याही सॉफ्टवेअरने नंतर धड भरून काढता येत नाही.

एफ/२.८ की एफ/४, हा प्रश्न म्हणून ब्लरवर सोडवू नका, प्रकाशावर सोडवा. बेताच्या उजेडाच्या हॉलमध्ये एफ/२.८, १/२५० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० असं गणित बसत असेल तर एफ/४ला आयएसओ ६४०० होतो. आजच्या फुलफ्रेम बॉडीला ६४०० झेपतो. पण स्नेहसंमेलनात नाच चालू आहे, १/५०० हवा, आणि दिवे लाल-निळे आहेत, अशा वेळी ६४००चे १२८०० होतात आणि त्वचेचे रंग हातातून जातात. लेन्सचा स्टॅबिलायझर इथे कामाला येत नाही. तो तुमचा हात थोपवतो, नाचणाऱ्या मुलीचा हात नाही. उभ्या, बोलणाऱ्या माणसाला किमान १/२००, चालणाऱ्याला १/३२०, नाच-लेझीम-ढोल असेल तर १/५०० ते १/१०००. हे आकडे स्टॅबिलायझर पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) असला तरी बदलत नाहीत. दिवसाचीच कामं आणि आउटडोअर पोर्ट्रेट असतील तर एफ/४ घ्या, वजन आणि पैसे दोन्ही वाचवा. कॅननची आरएफ एफ/४ ६९५ ग्रॅमची आहे, सोनीच्या एफ/४ची दुसरी आवृत्ती ७९४ ग्रॅमची. रात्रीची लग्नं आणि नाट्यगृहं असतील तर एफ/२.८ला पर्याय शोधू नका.

वजनाकडे लोक हसून दुर्लक्ष करतात आणि दुपारच्या पंगतीपर्यंत खांदा धरतो. डीएसएलआरच्या, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांच्या, काळातल्या या लेन्स दीड किलोच्या आसपास असायच्या. कॅनन ईएफची २०१८ची तिसरी आवृत्ती १४८० ग्रॅम, निकॉनची २०१६ची एफएल १४३० ग्रॅम, सोनीची २०१६ची पहिली जीएमही १४८०. मिररलेसमध्ये हे बरंच उतरलं. सोनी जीएम टू, २०२१ची, ट्रायपॉड कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) काढून १०४५ ग्रॅम. कॅनन आरएफ, २०१९ची, १०७० ग्रॅम. निकॉनची २०२०ची झेड मात्र कॉलर काढूनही १३६० भरते. टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८ सोनीसाठी ८१० ग्रॅमची, तिची २०२३ची जी-टू आवृत्ती ८५५ ग्रॅमची. पहिल्या आवृत्तीत लेन्समधला स्टॅबिलायझर नाही, दुसरीत आहे. निकॉनची ७०-१८०सुद्धा ७९५ ग्रॅमची, तिच्यातही नाही. तो असलाच पाहिजे असं नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल आणि शटर तुम्ही १/२००च्या वरच ठेवणार असाल तर त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. १८० आणि २०० यांतला फरकही दोन पावलांचा आहे.

माउंटनिहाय, म्हणजे बॉडीला लेन्स बसते त्या जोडणीनुसार, थोडं. सोनीवाल्यांची चंगळ आहे. जीएम टू, टॅमरॉन आणि सिग्माची २०२३ची ७०-२०० स्पोर्ट्स असे तीन चांगले पर्याय आहेत. सिग्मा सोनी माउंटमध्ये १३३५ ग्रॅम आहे. सोनी बॉडीवर बाहेरच्या कंपनीच्या लेन्सला सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा पडते आणि टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा मधला तुकडा) बसत नाही. लग्नाच्या कामात दोन्हींनी काही अडत नाही. कॅनन आरएफमध्ये सिग्मा आणि टॅमरॉनने २०२४ मध्ये ज्या लेन्स आणल्या त्या क्रॉप सेन्सरच्या (फुलफ्रेमहून लहान सेन्सरच्या), त्यामुळे फुलफ्रेमवाल्याचा स्वस्त मार्ग म्हणजे जुनी ईएफ ७०-२०० एफ/२.८ टू किंवा थ्री, अ‍ॅडॅप्टरवर. ऑटोफोकस उत्तम चालतो, फक्त समोर वजन आणि लांबी वाढते. आरएफच्या २०१९च्या लेन्सवर टेलिकन्व्हर्टर बसत नाही. २०२४ची आतल्या आत झूम होणारी कॅननचीच झेड आवृत्ती तो घेते, पण तिचा फिल्टर ७७ऐवजी ८२ मिमी आहे. निकॉनवाल्यांनी जुन्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर एएफ-एस, म्हणजे आत मोटर असलेल्या, लेन्स खुशाल लावाव्यात. पण बाजारात स्वस्त दिसणारी जुनी एएफ ८०-२०० एफ/२.८ डी (एएफ-एस नव्हे) घेऊ नका. तिला लेन्समध्ये मोटर नाही, एफटीझेडवर ती हाताने फोकस करावी लागते. निकॉनच्या २००९च्या व्हीआर टूमध्ये आणखी एक खोड आहे. अगदी जवळ फोकस केल्यावर २०० मिमीची फ्रेम साधारण १३५सारखी दिसते. स्टेजच्या अंतरावर कळत नाही, पण दीड मीटरवरून घट्ट चेहरा काढायचा असेल तर हमखास खटकतं. २०१६च्या आवृत्तीत हे खूपच सुधारलं.

क्रॉप सेन्सर असेल तर ७०चे साधारण १०५ होतात, आणि कार्यालयात ते पहिलं टोकच फार घट्ट पडतं. फुजीवाल्यांनी ५०-१४० एफ/२.८ घ्यावी, ती त्यांची खरी ७०-२०० आहे.

या सगळ्यांच्या बाजूला एक लेन्स ठेवून पाहायलाच हवी. टॅमरॉन ३५-१५० एफ/२-२.८, सोनी आणि निकॉन झेडसाठी, सोनी माउंटमध्ये ११६५ ग्रॅम. एकटाच फोटोग्राफर, एकच बॉडी, लेन्स बदलायला उसंत नाही, अशा कामात ती ७०-२००पेक्षा जास्त उपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. १५०वर एफ/२.८, म्हणजे छिद्र साधारण ५४ मिमी. २००चा पल्ला आणि ब्लर थोडा सोडला की ३५चं टोक हाती येतं. मात्र तुमच्याकडे २४-७० आधीच आहे. दोन बॉडी घेऊन काम करत असाल तर २४-७० आणि ७०-२०० ही जुनी जोडीच बरी.

लेन्स आली, की तिला चालवायची रीत शिकावी लागते. पहिल्याच लग्नात सगळं एफ/२.८वर काढू नका. डेप्थ ऑफ फील्डचे, म्हणजे किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं त्याचे, आकडे डोक्यात ठेवा. २०० मिमी, एफ/२.८, तीन मीटर: सुमारे साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे जवळचा डोळा नेमका, आणि मान वळलेली असेल तर लांबचा डोळा मऊ. चार मीटरला साडेसहा सेंटिमीटर, सहा मीटरला पंधरा. नवरा-नवरी गालाला गाल लावून उभे असले तरी दोघांच्या डोळ्यांत आठ-दहा सेंटिमीटरचं पुढेमागे असतंच. चार मीटरवर त्यांच्यासाठी एफ/४ही काठावर आहे, एफ/५.६ घ्या. बॅकग्राउंड तरीही उडेल, कारण २०० मिमी आहे. आणि हे आकडे छोट्या प्रिंटच्या हिशोबाचे आहेत. ४५ मेगापिक्सेलची फाइल पडद्यावर शंभर टक्क्यांवर पाहणार असाल तर निम्मेच धरा. स्टेजवरच्या गटाच्या फोटोंना ७० मिमी, सहा मीटर, एफ/५.६ ठेवलं की जवळजवळ अडीच मीटर खोली मिळते, दोन रांगा आरामात बसतात.

अंतरपाट धरलेला असताना वधू-वर समोरासमोर असतात, मध्ये मीटरभर अंतर. दोघंही स्पष्ट हवे असतील तर त्यांच्यातल्या रेषेला तुमचा सेन्सर समांतर हवा, म्हणजे बरोबर बाजूने, अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत. तिरके उभे राहिलात तर एकच चेहरा मिळेल. तोही फोटो सुंदर असतो, पण मग तो ठरवून घ्या. नवरीच्या डोळ्यांवर फोकस, पुढे नवऱ्याच्या मुंडावळ्यांचा धूसर पडदा. त्यासाठी १३५च्या आसपास आणि एफ/२.८. अंतरपाट सरकतो तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. तेव्हा झूम फिरवत बसू नका, ‘शुभमंगल सावधान’च्या आधीच फ्रेम ठरवून थांबा, आणि थोडी सैल ठेवा, कारण हार घालताना हात वर जातात.

अक्षता पडू लागल्या की ऑटोफोकसची परीक्षा सुरू होते. कॅमेरा आणि चेहऱ्याच्या मधून उडणाऱ्या तांदळावर किंवा कुणाच्या उंचावलेल्या मोबाइलवर फोकस उडी मारतो. यासाठी बॉडीत सेटिंग आहे. सोनीत ट्रॅकिंगची संवेदनशीलता १वर, म्हणजे सर्वांत चिकट. कॅननमध्ये अडथळे दुर्लक्षित करणारी केस टू. निकॉनमध्ये ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्स ‘डिलेड’कडे. शटर १/१०००ला ठेवलं तर दाणे हवेत टिपल्यासारखे दिसतात, १/२००ला त्यांच्या रेघा होतात. मला रेघा जास्त जिवंत वाटतात, पण चेहरे हललेले नसावेत म्हणून दोन्ही काढून ठेवा. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर तो दूरच्या पट्ट्यावर टाका, म्हणजे जवळच्या डोक्यांवर फोकस जाऊन परत येण्यात सेकंद जाणार नाही. मात्र नंतर तो परत पूर्णवर आणायला विसरू नका. दागिन्यांचे जवळचे फोटो घेताना ‘लेन्स बिघडली’ असं वाटतं ते बहुधा यामुळेच.

होमाच्या वेळी ज्वाळेच्या वरून आरपार फोटो काढू नका. तापलेली हवा २०० मिमीला चेहरे पाण्यातल्यासारखे लाटेरी करते, आणि कितीही फ्रेम मारल्या तरी एकही टोकदार मिळत नाही. दोन फूट बाजूला सरका. धुरात ऑटोफोकस चाचपडतो. तेव्हा शेल्याच्या काठासारख्या ठळक कडेवर फोकस पॉइंट ठेवा.

दिव्यांची गडबड वेगळीच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१००पर्यंत त्रास दिसत नाही, १/५००ला मात्र एका फ्रेमला उजेड आणि पुढच्या फ्रेमला अंधार, किंवा फोटोत आडवे पट्टे येतात. बॉडीतलं अँटी-फ्लिकर चालू ठेवा. स्टेजवरच्या मंद केलेल्या एलईडी पार दिव्यांचा (रंगीत फोकसचा) लुकलुकण्याचा वेग याहून खूप जास्त असतो, तिथे सायलेंट शटर बंद करून मेकॅनिकल वापरा, पट्टे बरेच कमी होतात. आणि समोरचा यूव्ही फिल्टर काढून टाका. माळांचे दिवे आणि स्टेजचे फोकस त्यावरून परावर्तित होऊन चेहऱ्यावर हिरवट ठिपके उमटवतात. संरक्षणाला हूड पुरतो, तो कायम सरळ लावलेला असू द्या.

आउटडोअर पोर्ट्रेटमध्ये उलटी अडचण, उजेड जास्त. कडक उन्हात आयएसओ १००ला एफ/२.८साठी १/३२००च्या आसपास शटर लागतं, आणि फ्लॅशचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत जलद शटर, बहुतेक बॉडींवर १/२०० ते १/२५०. हायस्पीड सिंक वापरलात तर फ्लॅशची ताकद बरीच गळते. चार स्टॉपचा, म्हणजे एनडी१६ फिल्टर लावला की १/२००वर येता येतं. तुम्ही १२ मीटर लांब असलात तरी फ्लॅश माणसापासून दीड-दोन मीटरवर हवा, म्हणजे रेडिओ ट्रिगर आणि स्टँड धरणारा एक माणूस. हळू बोललेलं ऐकू जाणार नाही इतकं अंतर पडतं, म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या. पोर्ट्रेटसाठी ओळख वाढेपर्यंत ८५ने जवळून सुरुवात करावी आणि मग लांब जावं. पहिल्या मिनिटापासून चाळीस फुटांवर उभे राहिलात तर समोरचा अवघडतो.

धरण्याची पद्धत: डावा तळवा लेन्सखाली, झूम रिंगच्या आसपास जिथे तोल साधतो तिथे, कोपर बरगडीला टेकलेलं. ट्रायपॉडचा पाय काढता येत असेल तर काढा, नाहीतर वर फिरवा. दीड किलोची लेन्स लावलेली असताना बॉडीचा पट्टा धरून कॅमेरा लोंबकळू देऊ नका, माउंटच्या स्क्रूंवर ताण येतो. नाट्यगृहात तीन तास एका जागी असाल तर मोनोपॉड घ्या. ट्रायपॉडवर घट्ट बसवली तर स्टॅबिलायझर बंद करा.

सेकंडहँड घेताना घाई करू नका. ही लेन्स व्यावसायिक माणसाच्या हातात राबलेली असते. वरची रंगाची खरवड चालेल, फिल्टरच्या कडेला ठोका बसलेला असेल तर सावध व्हा, कारण तो धक्का आतल्या काचांनाही गेलेला असू शकतो. मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि समोरून पाहा. चार-दोन धुळीचे कण काही बिघडवत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधट थर म्हणजे हेझ. दोन्हींना नाही म्हणा, भाव कितीही पाडला तरी. कोकण, मुंबई, गोव्याकडची लेन्स असेल तर हे दोनदा तपासा.

मग भिंतीवर वर्तमानपत्राची पानं सपाट चिकटवा, ट्रायपॉड, टायमर, स्टॅबिलायझर बंद, एफ/२.८. ७०, १३५ आणि २००वर एकेक फोटो. चारही कोपरे थोडे मऊ असले तर चालेल. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर आतली काच सरकलेली आहे. हीच चाचणी नव्या लेन्सवरही, परत करण्याची मुदत संपायच्या आत करावी. झूम रिंग मध्येच अडकत नाही ना, शटर अर्धं दाबल्यावर स्टॅबिलायझर कुरकुरत नाही ना, हे शांत खोलीत ऐका. कॅमेरा बंद असताना काही नव्या लेन्स हलवल्यावर आतून खडखडतात. लिनियर मोटरवरच्या काचा तेव्हा मोकळ्या असतात, हा बिघाड नव्हे. खूप जुनी आवृत्ती असेल तर पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा की तिचे सुटे भाग अजून मिळतात का. मुंबईत बोरा बाजारात किंवा आणखी कुठेही नवी घेतलीत तर पक्कं बिल आणि भारतातल्या वॉरंटीचं कार्ड, त्यावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी जुळवून. ग्रे मार्केटमधली (अधिकृत आयात नसलेली) लेन्स स्वस्त पडते, पण पहिल्या दुरुस्तीत तो फायदा निघून जाऊ शकतो.

निर्णय होत नसेल तर भाड्याने आणा, आणि एका नव्हे तर दोन वेगळ्या कार्यक्रमांना, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. किंमत परवडते का याचा हिशोब असा करा: लेन्सची किंमत वजा तीन वर्षांनी विकल्यास येतील अशी रक्कम, भागिले तीन वर्षांत ती जितक्या कामांना खरंच बाहेर निघेल तितकी कामं. हा आकडा तुमच्या गावातल्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा बराच जास्त येत असेल तर सध्या भाड्यानेच चालवा.

घेतलीत तर पावसाळ्याआधी ड्राय कॅबिनेटची सोय करा, आर्द्रता ४० ते ५० टक्के. नसेल तर रबर असलेला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा हायग्रोमीटर. जेल वेळोवेळी तापवून कोरडं करा, नाहीतर ते नुसतंच पडून राहतं. कापडी बॅगेत महिनाभर कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. हळदीच्या कार्यक्रमात आणि विसर्जनाच्या गुलालात बाहेर येणाऱ्या नळीची लेन्स असेल, जशी २०१९ची आरएफ किंवा टॅमरॉन, तर नळी आत घेण्याआधी मऊ ब्रशने झटकून कोरड्या कापडाने पुसा. पूड आत ओढली गेली तर झूम किरकिरायला लागतो. एसी हॉलमधून दमट रात्री बाहेर वरातीला जाताना कॅमेरा बॅगेत बंद करून वीस-तीस मिनिटं आधी बाहेर नेऊन ठेवा. गार काच उघडी बाहेर काढली की समोरच्या काचेवर वाफ धरते, पुसली तरी परत येते, आणि तोवर वरात पुढे गेलेली असते.